सात नंबरच्या खाटेवरची केस

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला निकिताला ऑर्थोची, म्हणजे हाडांची, केस आली. सात नंबरच्या खाटेवर सुदर्शन, वय सत्तावीस, हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर. वर्षभर त्याचा उजवा खुबा दुखत होता. कंपनीच्या बसमध्ये चढायचं तर हाताने पाय उचलून ठेवावा लागे.

तिने पाय आत वळवताच त्याने दात आवळले. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा वरचा गोळा एका बाजूने खचलेला होता. रक्तपुरवठा तुटल्याने हाड मरत होतं, एवढं उघड होतं. पण कशामुळे? परीक्षक नेमकं तेच विचारणार. दारू नाही, स्टिरॉइड नाही, मार लागलेला नाही. घरी बायको, तिला तिसरा महिना.

"लहानपणी काही आजार?"

"थंडीत हातपाय फार ठणकायचे. दोनदा कावीळ झाली. धाकटा भाऊ अशाच दुखण्यात गेला, सात वर्षांचा होता."

निकिताचं पेन थांबलं. पुढचा प्रश्न जिभेवर येईना. पुण्यात खोली शोधताना तोच प्रश्न तिला किती आडवळणांनी विचारला गेला होता.

"मूळ गाव कोणतं?"

"भंडाऱ्याकडचं."

"आणि... समाज?"

त्याचा चेहरा एकदम घट्ट झाला. "खुब्याचा आणि त्याचा काय संबंध?"

"मलाही विचारतात. मलाही राग येतो," ती हळूच म्हणाली. "पण रक्ताचा एक आजार आईवडिलांकडून येतो. तुमच्या भागात काही समाजांत जास्त दिसतो. नाही सांगितलंत तरी चालेल."

त्याने नजर छताकडे वळवली. मग त्याने सांगितलं.

बाहेरून आलेले परीक्षक केसपेपर घेऊन उभे राहिले. "कारण?"

"सिकल सेल असावा, सर. वाकड्या झालेल्या रक्तपेशी हाडाचा रक्तपुरवठा अडवतात."

"इथे 'कारण अज्ञात' लिहिलंय. चार महिने कुणाला सापडलं नाही, ते आपल्याला अर्ध्या तासात सापडलं?"

"कुणी विचारलं नसेल, सर."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. तपासण्या?"

"यांचं रक्त तपासायचं. आणि यांच्या पत्नीचंही."

"का? त्यांचाही खुबा दुखतो?"

"त्या गरोदर आहेत, सर."

सुदर्शन कोपरावर उठला. "बाळाला होईल का?"

परीक्षकांनी कागद बाजूला ठेवला आणि ते खाटेच्या कडेला बसले. बायकोच्या रक्तात दोष नसेल तर बाळाला आजार होणार नाही, असला तर पुढचं लगेच ठरवावं लागेल, हे त्यांनी त्याला दोनदा नीट समजावलं. निकिताला आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको पूर्णिमा वाघोलीहून दोन बस बदलून आली आणि रक्त देऊन गेली. आठवड्याने रिपोर्ट आले. सुदर्शनला सिकल सेल होता, पूर्णिमाचं रक्त निर्दोष होतं. निकिताने वॉर्डात जाऊन त्याला स्वतः सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन कधीतरी करावंच लागणार होतं, तेही सांगितलं.

"ते करू हो," तो म्हणाला आणि त्याने पूर्णिमाला फोन लावला.