तिसरा कान

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अकरालाच खुर्च्या कमी पडल्या. स्टेजवर पांढऱ्या कुर्त्यातला कुंदन नावाचा विक्रेता हात जोडून उभा होता. टेबलावर मखमलीवर ठेवलेले हेडफोन, किंमत पंच्याऐंशी हजार.

"गाणं आपण कानांनी ऐकतो, हा गैरसमज आहे," तो सांगत होता. "यातल्या शुद्ध चांदीच्या तारेतून नाद थेट नाभीत उतरतो. माणसाचा तिसरा कान उघडतो."

एकेक जण वर जाई, आधी साधे हेडफोन लावी, मग तेच गाणं भारीतल्यावर ऐके. इगतपुरीहून आलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले खंडेराव डोळे पुसत खाली उतरले. "गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला," ते म्हणाले. "लय मोठी चीज हाय."

रांगेत उभ्या असलेल्या प्रतिभाताईंचा जीव टांगणीला लागला होता. पंचवटीत त्या तीस वर्षं गाणं शिकवत होत्या, आणि गेलं वर्षभर हेडफोनवर गाणं ऐकताना तानपुरा त्यांना लांब गेल्यासारखा वाटत होता. एखादी मुलगी बेसूर झाली की आता बाकीच्या मुलींचे चेहरे बघून त्यांना कळायचं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. जुने हेडफोन खराब झालेत आणि क्लासात गोंगाट वाढलाय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांची पाळी आली. साध्या हेडफोनवर गायकामागचा तानपुरा नव्हताच. भारीतल्यावर तो होता, स्वच्छ आणि अगदी जवळ.

"मी घेते," त्या म्हणाल्या.

"मावशी, थांब जरा." सोबत आलेली त्यांची भाची वेदिका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती स्टेजवर येऊन कुंदनला म्हणाली, "दोन्हींचा आवाज वेगवेगळ्या बटणांवर का आहे?"

"प्रत्येकाला वेगळी ऊर्जा लागते, मॅडम."

"मग दोन्ही सारखे ऐकू येतील असे लावा."

"यंत्राला परका हात लागला की नाद विटाळतो."

मागे कोणीतरी हसलं. वेदिकाने सरळ भारीतल्या हेडफोनचं बटण थोडं मागे फिरवलं. प्रतिभाताईंच्या कानातला तानपुरा नाहीसा झाला. मग तिने साधे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि त्यांचा आवाज वाढवला. तानपुरा परत आला.

वेदिका लोकांकडे वळली. "आवाज किंचित मोठा असला की आपल्याला तो जास्त स्वच्छ, जास्त खरा वाटतो. एवढा किंचित, की तो वाढवलाय हे लक्षातही येत नाही. ह्यांनी भारीतल्याचा आवाज आधीच चढवून ठेवला होता."

खंडेराव पुन्हा वर आले आणि त्यांनी स्वतः साधे हेडफोन लावून पाहिले. "श्वास ह्याच्यातबी हाय," ते हळूच म्हणाले. कुंदन मखमल गुंडाळू लागला.

जिन्यात प्रतिभाताई थांबल्या. "वेदिका, आवाज वाढवण्याआधी साध्यावर तानपुरा होता का गं?"

वेदिकाने मान खाली घातली. "होता, मावशी. तुझ्या आधी मी लावून पाहिले, तेव्हा मला ऐकू आला होता."

त्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक, उंच आवाज, म्हणजे तानपुऱ्याच्या झंकारातलेही, ऐकण्याची शक्ती बरीच कमी झाली आहे. गेलेलं परत येणार नाही, पण श्रवणयंत्राने शिकवणं चालू ठेवता येईल. दोन दिवस प्रतिभाताईंनी क्लास बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी मुलींना आणि त्यांच्या आयांना बसवून त्यांनी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

सुमनबाई नावाच्या एका आईने विचारलं, "मग महागडे हेडफोन घ्यायचेच नाहीत का?"

"घ्या की. चांगले बनवलेले असतात, काही फरकही असतो. पण दोन्हींचा आवाज सारखा करा, किंमत विसरा आणि मग ठरवा. पैसे घेणाऱ्याने बटणाला हात लावू दिला नाही, तर उठून या. आणि कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. मी वर्षभर वस्तूला दोष देत बसले. तेवढ्या काळात मी तुमच्या मुलींच्या चुका ऐकल्याच नाहीत."