ताप मुतला

शामलाचा ताप काही केल्या हटत नव्हता. मग एका सकाळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर बारीक, पाणीदार फोडांचा पुंजका उठला. याला त्यांच्याकडे ताप मुतला म्हणतात. जाताजाता तो ओठावर मुतून जातो, म्हणजे फोड दिसले की ताप सरला, असं सगळे धरून चालतात. शेजारच्या अंजनाबाई बघायला आल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "मुतला वं, गेला आता."

"मेल्याले मुताले माहंच तोंड भेटलं का?" शामला म्हणाली.

तिघंही हसले. तिच्या नवऱ्याने, देवरावने, फोडांवर तूप लावलं, थर्मामीटर डबीत घालून फळीवर ठेवून दिला आणि पुन्हा काढला नाही.

देवराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, घरही तिथंच. एकुलती मुलगी रितिका जवळच नागपुरात दिलेली. घरात दोघंच. शामला हळू बोलणारी बाई होती. भांडण झालं तरी नवऱ्याला "तुमी" म्हणूनच भांडायची.

फोड आल्यानंतर तिला जळका वास यायला लागला. "काहीतरी जळून राह्यलं," म्हणून ती सारखी गॅस बघून यायची. गॅस बंद असायचा. देवराव म्हणाला, इथं कोळसा न् राख, वास यायचाच. इतक्या वर्षांत तिने त्या वासाचं नाव काढलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग तिचं बूड एका जागी टिकेना. डबे ओतायची, भरायची, पुन्हा ओतायची. अर्धवट नेसलेल्या लुगड्यात ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालायची. हात धरला तर तिने देवरावच्या मनगटाला चावा घेतला. एका दुपारी तर दारात उभी राहून ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हा कोण घुसला माह्या घरात? यानं माह्या माणसाले मारून टाकलं. जाय, निघ तू येथून."

लोक जमले. कोणी बाहेरचं आहे म्हणालं, कोणी लिंबू उतरवायला सांगितलं. देवरावचा त्यावर विश्वास नव्हता. त्याने रितिकाला बोलावलं आणि दोघांनी तिला ऑटोत मधे बसवून नागपुरात सदर भागातल्या मानसोपचार डॉक्टरकडे नेलं. तिचं अंग गरम लागतं, असं रितिका वाटेत म्हणाली. ओरडून ओरडून झालं असेल, वरून हे ऊन, देवराव म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलं, ताप आहे का?

"होता. आता मुतला," देवरावने सांगितलं.

डॉक्टर इकडचेच होते. त्यांना बोली कळली आणि त्यांनी मान हलवली. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेऊन शामला निपचित झोपली तेव्हा बापलेकीला वाटलं, चला, आराम पडला. त्या झोपेतच तिला झटका आला.

मोठ्या दवाखान्यात पाठीतलं पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराच्या विषाणूचं नाव सांगितलं, हर्पिस सिम्प्लेक्स. तो मेंदूत शिरला होता. सलाइनमधून औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. शामलाचे हात पट्टीने पलंगाला बांधले होते आणि ती ते ओढत राहायची.

ओठावरचे फोडही त्याचेच का, असं देवरावने विचारलं. बाई म्हणाल्या, जंतू तोच असतो, पण असे फोड कितीतरी लोकांना येतात आणि त्यांच्या मेंदूला काही होत नाही. त्यामुळे फोडांचा याच्याशी संबंध असेलही, नसेलही. ताप मात्र गेलेला नव्हता. आणि तिचा तो थयथयाट याच आजाराचा होता.

"त्या जे बोलल्या ते मनाला लावून घेऊ नका. ती मेंदूची सूज बोलत होती."

देवरावने हे शब्द घट्ट धरून ठेवले. मनगटावरच्या दातांच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या.

मग एका दुपारी शामला शांत पडली होती. तिने डोळे उघडले, देवरावकडे बघितलं आणि स्वच्छ विचारलं, "जेवले का तुमी?"

तो हो म्हणाला. जेवला नव्हता. रितिका पदराआड रडायला लागली. त्यानंतर शामलाला पुन्हा झटके आले आणि ती उठली नाही.

तेरवीला येईल त्याला रितिका तेच सांगत होती. आईनं जाताना बाबांना ओळखलं, जेवायचं विचारलं. बायका डोळे पुसत होत्या. देवराव चटईवर बसून ऐकत होता, आणि ऐकताऐकता चावलेलं मनगट चोळत होता.

पुढे दवाखान्यातून कागद आणायला दोघं गेले. रितिकाला बाहेर बसवून तो बाईंच्या खोलीत शिरला.

"मॅडम, ते वंगाळ बोलणं तिचं नव्हतं म्हणाल्या तुमी. मी मानलं. मग सूज तर तेव्हाही होती. जेवले का, हे कोणी इचारलं?"

बाईंनी समोरचा पेन उचलला, परत ठेवला.

"ते त्यांचंच समजा, काका."

"समजा?"

त्यांनी कागदांची फाइल त्याच्यापुढे सरकवली. देवराव ती घेऊन, नमस्कार करून बाहेर आला. रितिका बाकावरून उठली. काय म्हणाल्या, तिने विचारलं.

"तुह्या आईचंच होतं म्हणे ते," देवराव म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता जिन्याकडे चालू लागला.