पहाऱ्याची खुर्ची

“हात!” असं सासूबाई ओरडल्या की मी हात वर घेते. त्या हातात फिरतं ड्रिल असतं आणि खाली कुणाचा तरी उघडा जबडा, त्यामुळे ‘का’ म्हणून विचारत बसायची सोय नसते.

मी दातांची डॉक्टर. गेल्या वर्षापासून आमच्या गावाखालची जमीन अधूनमधून कूस बदलते. फार नाही, कपातला चहा बशीत येईल एवढंच. तपासणीला आलेले तज्ज्ञ म्हणाले, काळजीचं कारण नाही, आणि आपापल्या स्थिर गावी निघून गेले. आम्ही कप अर्धे भरायला शिकलो. कपाटांच्या दारांना नाड्या बांधल्या. रस्त्यात कुणी भेटलं की तब्येतीच्या आधी “सकाळचा कळला का?” असं विचारू लागलो. ज्याला कळलेला नसतो त्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

पण चहा सांडणं वेगळं आणि दाढेत ड्रिल असताना हात सांडणं वेगळं. म्हणून दवाखान्याच्या कोपऱ्यात पहाऱ्याची खुर्ची आली. छताच्या हुकाला मी दात साफ करायच्या धाग्याने एक छोटा आरसा टांगला. आरसा हलला की सासूबाईंनी “हात!” म्हणायचं. तोपर्यंत त्या वर घरात दिवसभर कंटाळून माझ्या नवऱ्याला फोन करायच्या. आता खाली बसून पेशंटना गोष्टी सांगू लागल्या. तोंड उघडं असलेला माणूस मध्ये बोलत नाही, याचं त्यांना फार कौतुक.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. एक दिवस त्याने लिफ्टच्या जुन्या सामानातून एक डबी तयार करून आणली. जमीन हलली की डबी टीं टीं करते. मी ती भिंतीवर बसवून घेतली.

“म्हणजे माझ्या जागी नवी सासू आणलीस,” सासूबाई म्हणाल्या.

“तुमच्या मदतीला आहे, आई.”

“हिला गोष्टी येतात का?”

आठवडाभर मी दोघींवर लक्ष ठेवलं. डबी वाजे तेव्हा सासूबाई बहुतेक वेळा तिच्या आधीच ओरडलेल्या असायच्या, हे मान्य. पण त्या ओरडत त्यातल्या निम्म्या वेळा डबी गप्प असायची. मी डबी उघडून तपासली. शेजारी मोबाइल थरथरवून तपासली. डबीत काही खोट नव्हती. मग एका संध्याकाळी, शक्य तितक्या मऊ आवाजात, मी विचारलं, “आई, कधी कधी आरसा हलत नाही, तरी तुम्हाला हलल्यासारखा वाटतो का? डोळे तपासून घेऊया एकदा?”

सासूबाईंनी विणकाम पिशवीत कोंबलं.

“माझे डोळे चांगले आहेत. तुझी ती टींटीं सांभाळ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या, माझ्यासमोरून गेल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसल्या. “त्याच्या हातात वस्तरा असतो,” जाता जाता म्हणाल्या. “त्याला कदर आहे.”

त्याच आठवड्यात ट्रम्पेटवाल्याचा दात होता.

हा गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. त्याचा समोरचा दात तुटला होता. तो चारही बाजूंनी घासून त्यावर कॅप बसवायची. काम सोपं, पण दात ओठाला लागून. माझा हात केसभर सरकला तर ओठ कापला जाणार, आणि ट्रम्पेटवाल्याचा ओठ म्हणजे त्याचं दुकान.

“डॉक्टर, ओठ तेवढा जपा,” खुर्चीत बसता बसता तो म्हणाला. “बाकीचा चेहरा बायकोनेसुद्धा कधी मागितलेला नाही.” मग कोपऱ्यात बघून त्याने विचारलं, “बाई कुठायत?”

“त्या आज समोर आहेत. डबी आहे ना.”

त्याने डबीकडे पाहिलं. मग नाइलाजाने आ वासला.

मी सुरू केलं. रस्त्यावरून ट्रक गेला, डबी वाजली, मी हात वर घेतला. पुन्हा सुरू केलं. कंप्रेसर घरघरला, डबी वाजली. मग बराच वेळ ती गप्प राहिली आणि ते जास्त वाईट होतं. आता वाजेल, आता वाजेल, असं वाटत राहिलं. दात डोळ्यांसमोर होता आणि कान भिंतीवर. ट्रम्पेटवाल्याने बोट वर केलं. मी थांबले.

“दुखतंय?”

“नाही. डॉक्टर, श्वास घ्या.”

“काय?”

“मघापासून तुम्ही घेतलेला नाही. फुंकून पोट भरणारा माणूस आहे मी, दुसऱ्याचा श्वास मला ऐकू येतो. नाही आला तरी ऐकू येतो.” तो उठून बसला आणि गळ्यातला रुमाल काढू लागला. “मी असं करतो, बाई परत आल्या की येतो. राग मानू नका. शनिवारी कार्यक्रम आहे, त्याच्या आधी होईल असं बघा.”

तात्पुरतं सिमेंट लावून मी त्याला पाठवलं. इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीतून अर्ध्यावर उठून गेलेला हा पहिला माणूस. मी शांत आहे, असा माझा समज होता. घरात भांडी वाजली की नवरा दारात पळतो; मी नुसती बघते आणि किती वेळ वाजली ते सांगते. म्हणजे अडचण माझ्यात नसणार, यंत्रणेत असणार. तसा विचार करून मी डबीची जागा बदलायला निघाले आणि भिंत नीट दिसावी म्हणून पहाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

खुर्ची डुगडुगली. तिचा एक पाय आखूड होता, हे मला आजवर माहीत नव्हतं. मग मी वर पाहिलं. आरसा दिसेना.

मान उजवीकडे केली, डावीकडे केली. हिवाळ्यात पेशंटवरचा दिवा बदलला होता, त्याचा जाडजूड दांडा बरोबर मध्ये आला होता. या खुर्चीतून आरसा दिसणं शक्यच नव्हतं. हिवाळ्यापासून सासूबाईंनी आरसा पाहिलेलाच नव्हता.

इथून स्वच्छ, कुठल्याही अडथळ्याशिवाय दिसत होतं ते माझं स्टूल. आणि स्टुलाखालची, मी काम करताना पाय ठेवते ती फरशी.

मी रस्ता ओलांडला.

न्हाव्याच्या दुकानात सासूबाई आरशासमोरच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर विणकाम. न्हावी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

“आलात का?” तो मला म्हणाला. “घेऊन जा बाई यांना. सकाळी ‘वस्तरा!’ म्हणून अशा ओरडल्या की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने घरी गेलं.”

“तो खरा होता,” सासूबाई म्हणाल्या.

“खरा होता, पण अर्धी दाढीपण खरीच ना!”

“आई,” मी बाकाच्या टोकाला बसले. “तुम्हाला त्या खुर्चीतून आरसा दिसत नाही.”

“नाही दिसत.”

“मग तुम्ही काय बघता?”

त्यांनी एक ओळ विणून संपवली. “खरे धक्के मला खुर्ची सांगते. मुद्दाम दुरुस्त केलेली नाही ती.”

“आणि जे खरे नसतात?”

“तुझ्या पायाचा अंगठा.”

गिऱ्हाइकाने मान वळवली. न्हाव्याने ती सरळ केली, पण स्वतःही ऐकत राहिला.

“तू भ्यायलीस की चपलेतून अंगठा वर येतो तुझा,” सासूबाई म्हणाल्या. “चेहरा काही सांगत नाही. तो तू परीक्षकासमोर बसल्यासारखा सांभाळतेस. पण अंगठा उभा! तो असा ताठ झाला की मी ‘हात!’ म्हणते. तू हात वर घेतेस, श्वास सोडतेस, मग पुढचं काम छान करतेस.”

“मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर चपला बदलल्या असत्यास तू. बंद बूट घातले असतेस.”

हे अगदी खरं होतं.

“परत चला,” मी म्हटलं. “ट्रम्पेटवाला अडून बसलाय.”

“फक्त ट्रम्पेटवाला?”

“मीसुद्धा.”

“या भल्या माणसाचं काय मग?”

“माझं बरं चाललंय, बाई,” न्हावी घाईघाईने म्हणाला.

“चाललंयच,” सासूबाई पिशवी उचलत म्हणाल्या. “याचे खांदे बघ, लोण्यासारखे. इथे बघायला काही नाहीच.”

शुक्रवारी ट्रम्पेटवाला आला. कोपऱ्यात बाई पाहून त्याने वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि आ वासला. सासूबाईंनी आपल्या धाकट्या बहिणीच्या पळून गेलेल्या बकरीची गोष्ट सुरू केली. मी दाताच्या ओठाकडच्या कडेला आले.

“हात!”

मी हात वर घेतला. डबी गप्प होती. मी खाली पाहिलं. अंगठा खरोखरच उभा होता, एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखा. मी त्याला खाली बसवलं, श्वास सोडला आणि कामाला लागले.

“तर बकरी गेली थेट फोटोग्राफरच्या दुकानात,” सासूबाई म्हणाल्या.

दात जवळजवळ झाला होता. मी शेवटची कड गुळगुळीत करत होते आणि मलाही बकरीचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. तेवढ्यात ट्रेमधली हत्यारं किणकिणली, ग्लासातलं पाणी डचमळलं, डबी टीं टीं करू लागली. कोपऱ्यातून कसलाच ओरडा आला नव्हता. माझा हात मात्र वर होता. तो कधी वर गेला, हे मला सांगता येणार नाही.

किणकिण थांबली. ट्रम्पेटवाल्याने जिभेने ओठ चाचपला, शाबूत आहे अशी खात्री केली आणि पुन्हा आ वासला.

“आई, हा खरा होता,” मी म्हणाले. “तुम्ही ओरडला नाहीत.”

“अगंबाई, होता का?” सासूबाईंनी सुई लोकरीत खोचली. “मी तुझा पाय बघत होते, खुर्चीकडे लक्षच नव्हतं. सपाट होता. मला वाटलं, सगळं ठीक आहे.”

ट्रम्पेटवाला तोंड उघडं ठेवून काहीतरी म्हणाला. ते बकरीबद्दलच असणार, असं धरून सासूबाईंनी गोष्ट पुढे सुरू केली.