बिजागरीवरची पट्टी

"ही बघा, हँडलला अडकते." दुकानदाराने फळीवरची एक पिटुकली पिशवी काढून काउंटरवर ठेवली. "आत छोटा थर्मास बसतो, नॅपकिन बसतो. पावसाचं पाणी आत येत नाही."

चादरबाईने चेन उघडली, आत हात घालून कोपरे चाचपले आणि पिशवी उलटी करून शिवण पाहिली. सगळी नोकरी इस्पितळाच्या चादरींच्या खोलीत गेलेली बाई. शिवण बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. इस्पितळातल्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला चादरबाईच म्हणत, आणि निरोप समारंभातही साहेबांना तिचं खरं नाव बाजूच्याला विचारावं लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता स्वतःसाठी एक वस्तू घेतली. घडीची सायकल. मधली कडी सोडली की सायकल बिजागरीवर वळून अर्धी होते आणि मोठ्या पिशवीत बसते. घरी कुणी काही बोललं नाही. उलट धाकटा भाऊ म्हणाला, "पिशव्या घ्यायला मी येतो ना ताई, तुला काय कळणार त्यातलं." तिला भरूनच आलं. खरं तर तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

"आणि घडी करून बसमध्ये न्यायची तर?" तिने दुकानदाराला विचारलं.

"त्याला ही खोळ. नुसता पट्टा खांद्याला लावायचा."

खोळ तिने छातीशी धरून पाहिली. इस्पितळासमोरून एक बस सुटायची, तिच्यावर शेवटच्या थांब्याची पाटी असायची: धरण. ती पाटी वाचत वाचत तिचे केस पांढरे झाले होते. धुवायचे कपडे नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सांगायचा की धरणाच्या भिंतीवरून लांबलचक सपाट रस्ता आहे, एका बाजूला नुसतं पाणी. बसने जायचं, सायकल उघडायची, त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथे बसून चहा प्यायचा. यापलीकडे तिचा बेत नव्हता.

"ते झालं," बरोबर आलेला भाऊ म्हणाला, "आता मागचं बघू." त्याने मोबाइलमधला एक फोटो दुकानदारापुढे धरला. "एवढी पेटी बसली पाहिजे. आत जेवणाचे डबे राहतात, गरम."

चादरबाईला आधी कळलंच नाही. भावजय घरून ऑफिसांना जेवण पुरवायची आणि डबे भाऊ स्कूटरवरून पोचवायचा. हल्ली त्याची कंबर धरली होती.

"अरे, पण पेटी कशाला?"

"सकाळचे दोन-तीन तास गं ताई. नाहीतरी तू घरी बसून काय करणार? व्यायाम होईल तुझा. हिचंही म्हणणं पडलं, ताईंना जरा विरंगुळा."

हिचं म्हणणं पडलं, म्हणजे घरात बैठक झालेली होती. फक्त जिच्याबद्दल झाली तिला बोलावणं नव्हतं.

दुकानदाराने दुकानाच्या मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने दाराशी लावलेल्या तिच्या सायकलचं कॅरियर दाबून पाहिलं आणि मान हलवली. "एवढं वजन पेलणार नाही. पुढच्या दांड्यापासून मागेपर्यंत लोखंडी पट्टी मारावी लागेल. पण ती बिजागरीवरून जाणार. मग घडी विसरा."

"कायमची?" चादरबाईने विचारलं.

"भोकं पाडून रिव्हेट ठोकणार बाई. पुन्हा काढली तर दांडा कामातून जाईल."

"मारा," भाऊ म्हणाला. "घडी करायचीय कशाला? घरात जागा आहे. आणि ही जाणार कुठे आहे?"

"धरणावर जायचं होतं," ती हळूच म्हणाली.

"धरणावर? तिथे काय आहे?"

"माहीत नाही. बघायचं होतं."

भाऊ हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसा हसला. "अगं, मग एखाद्या रविवारी गाडी करून नेतो की सगळ्यांना."

कधीच न उजाडणाऱ्या अशा रविवारांची तिला चांगलीच माहिती होती. तिच्या घशाशी शब्द आला होता. नाही. एवढाच शब्द, दोन अक्षरांचा. तो बाहेर पडणार तेवढ्यात भावाने पट्टीचं एक टोक तिच्यापुढे केलं. "धर गं जरा."

आणि तिने धरलं.

चादरींच्या खोलीत चादरीची घडी दोघींनी मिळून करायची असते. एकीने टोक पुढे केलं की दुसरीने ते पकडायचं आणि ती नेईल तिकडे पावलं टाकायची. बोलायचं नाही, विचारायचं नाही, नाहीतर कापड जमिनीला लागतं. नोकरीभर चादरबाई दुसऱ्या टोकाला उभी राहिली होती. समोर टोक आलं की तिचे हात आपोआप उठायचे.

मिस्त्रीचं ड्रिल सुरू झालं. पट्टी थरथरत होती, म्हणून तिने ती आणखी घट्ट धरली. तिला संताप आला. भावाचा आला, भावजयीचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या हातांचा. पट्टी मात्र तिने तसूभरही हलू दिली नाही. मिस्त्री म्हणालासुद्धा, "बाईंनी छान धरलं, एकदम सरळ बसली."

भावाने खोळ उचलून दुकानदाराकडे सरकवली. "ही आता नको." मग पिटुकल्या पिशवीकडे बघून म्हणाला, "ही असू दे. पत्त्यांच्या चिठ्ठ्या ठेवायला बरी आहे."

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. डब्यांची पेटी मागे बांधून चादरबाई निघाली होती. इस्पितळासमोरच्या बसथांब्याशी आल्यावर तिला दम लागला म्हणून ती उतरली. रांगेत एक मुलगी तशीच सायकल घेऊन उभी होती. बघता बघता तिने कडी सोडली, सायकल वळवली, खोळीत घातली आणि पट्टा खांद्याला लावला. मग तिचं लक्ष चादरबाईकडे गेलं.

"मावशी, तुमचीही घडीचीच ना? अगदी माझ्यासारखीच आहे."

चादरबाईचा हात दांड्यावर होता, पट्टीच्या जरा पुढे.

"नाही गं," ती म्हणाली. "साधीच आहे."

धरणाची बस आली. कंडक्टरने खोळीकडे बघितलं आणि मुलीला वर घेण्यासाठी दार पूर्ण उघडलं. वाटेत पेटी आडवी येत होती. मुलीला नीट चढता यावं म्हणून चादरबाईने आपली सायकल दोन पावलं मागे घेतली.