मोठा एम

बाईंनी इंग्रजी निबंधाची वही फिरवून तिच्यासमोर ठेवली, तेव्हा तिने आधी हात रुमालाला पुसले. छापखान्यात शाळेचा फोन आला आणि छपाईआधी चुकांसाठी तपासत असलेलं मुद्रित अर्धवट टाकून ती तशीच निघाली होती. बोटांवर लाल शाई होती.

"तुम्ही मुलीच्या...?" बाई थांबल्या.

"आईच," ती म्हणाली. आवाज नको तितका बारीक निघाला.

"घाबरू नका, गोष्ट एवढीशी आहे. पण पोरगी हट्टाला पेटलीय."

दहा वर्षांची पोरगी दाराशी उभी राहून बुटाच्या टोकाने फरशी खरवडत होती. लग्नाला दीड वर्ष झालं, पण तिने या नव्या आईला अजून एकदाही हाक मारली नव्हती. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची. "सवड दे तिला," नवरा म्हणायचा. तिने दिली होती.

"विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल, सामान्यनामाचं लहान," बाई सांगू लागल्या. "'माय मदर' लिहिलं की मदर सामान्यनाम, एम लहान. 'माय' नसेल, नुसतं नावासारखं मदर म्हटलं, तर एम मोठा. हिला सगळं कळतं. तरी 'माय मदर' लिहून एम मोठाच काढते. तीनदा खोडला, तीनदा पुन्हा मोठा. का म्हणून विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी!"

घरी बैठकीतल्या भिंतीवर पोरीच्या वारलेल्या आईचा फोटो होता. मोठा एम तिचाच असणार, दुसऱ्या कुणाचा? त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मनाला बजावत तिने वही ओढली.

बाईंनी अधोरेखित केलेल्या ओळीखाली तिने सवयीने बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचला. ऑल डे माय मदर फाइंड्स अदर पीपल्स मिस्टेक्स.

ती पुन्हा पहिल्या शब्दावर आली. फोटोतली बाई दवाखान्यात नर्स होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी त्या घरात एकच होती.

"तुम्हीच समजवा आता," बाई म्हणाल्या. "तुमचं तर कामच हे."

राहू दे तसंच, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण अठरा वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईला चुकीला बरोबर म्हणवेना.

"इकडे ये," तिने पोरीला जवळ बोलावलं. "बाईंचं खरं आहे. 'माय' असेल तर मोठा एम चूकच."

पोरगी वहीकडे बघत राहिली.

"लहान एम कुणाच्याही आईचा असतो," पोरगी पुटपुटली.

तिने पर्समधून पेन्सिल काढून पुढे केली. पोरीने ती घेतली, ओळीवर वाकली, आणि एमला हातही न लावता आधीचा 'माय' एका सरळ रेघेने खोडला.

"आता?"

तिने ओळ सुरुवातीपासून वाचली.

"आता बरोबर आहे."

बाई पुढच्या पालकांना बोलवायला उठल्या, तरी ती तेवढी एकच ओळ पुन्हा पुन्हा तपासत बसली.