खिशाचा कच्चा टाका

तिने दातांनी दोरा तोडला.

खालच्या शाळेच्या चड्डीच्या खिशात: दोन गोट्या, बसच्या तिकिटाची होडी, कबुतराचं पीस, अर्धा खडू, कुणाचा तरी पडलेला दात.

जिन्याखालच्या दुकानाची खिडकी रस्त्याच्या पातळीला. जाणाऱ्या-येणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत. गुडघे दिसतात.

"शाळा म्हणजे काय भाजी आहे, दाबून बघितली आणि घेतली?"

टेकडीवरच्या शाळेच्या पिनाफोरच्या खिशात: काही नाही.

अर्ज देण्याचा शेवटचा दिवस, शुक्रवार.

तिची मुलगी भिंगरी सहा वर्षांची होती, आणि जन्मापासून कधी गप्प बसल्याचा एकही पुरावा तिच्याविरुद्ध नव्हता.

*

भाजीचं वाक्य नवऱ्याचं. तो दुकानाच्या दारात टेकून उभा होता, हातात खालच्या शाळेचा भरलेला अर्ज. आत शिलाई मशिनीजवळच्या दोन स्टुलांवर वरच्या मजल्यावरची नर्स आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला. नर्सचा मुलगा, बेकरीवाल्याच्या जुळ्या मुली आणि भिंगरी, चौघं एकाच वयाची. चौघांना पहिलीत घालायचं होतं आणि मोठ्यांचं एकमत होत नव्हतं.

"मी खालच्याच शाळेत शिकलो," नवरा म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी," नर्स म्हणाली.

बेकरीवाला एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "टेकडीवर फळाच नाही म्हणतात. पडदा आहे. भिंतभर."

"मग पडद्यावर काय सिनेमा बघणारेत?" नवरा म्हणाला.

"दादा, तुम्ही हसा. खालच्या शाळेत कुणी आपटलं की आणतात कुठे? आमच्या दवाखान्यात. गेल्या वर्षी तीन डोकी, एक हनुवटी. मी धरून बसते आणि पोरगं बोंब मारतं."

"डोकी शाबूत राहिली ना पण?"

"वहिनी, तुम्ही सांगा," बेकरीवाला तिच्याकडे वळून म्हणाला. "दोन्हीकडचे कपडे तुमच्या हातून जातात. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

याचीच ती वाट पाहत होती, असं तिला स्वतःला वाटलं नसतं. पण पाय पायडलवरून केव्हाच निघाला होता.

दोन्ही शाळांचे गणवेश तीच शिवायची, तीच दुरुस्त करायची. नवा कपडा शिवून झाला की खिशाच्या तोंडाला दोन कच्चे टाके घालायची, इस्त्री करताना खिसा फाकू नये म्हणून. घरी गेल्यावर ते ओढून काढायचे असतात. कुणाला सांगावं लागत नसे. पोरं दुकानाच्या पायरीवरच दोरा ओढून टाकत आणि खिशात मूठ घालून खिसा किती खोल आहे ते बघत.

तिने फळीवरून दोन कपडे काढले आणि कापायच्या टेबलावर शेजारी-शेजारी पसरले. एक खालच्या शाळेची चड्डी. गुडघ्याखालची शिवण उसवलेली, बटण गायब, खिसा कोपऱ्यातून फाटून लोंबत होता. दुसरा टेकडीवरच्या शाळेचा पिनाफोर, उंची वाढवायला आलेला.

"हा वर्षभर वापरलाय," ती म्हणाली. "घालून घालून पाठ पांढरी पडलीय बघा. आणि इथे बघा."

तिने खिशावर बोट ठेवलं. वर्षापूर्वी घातलेले दोन्ही कच्चे टाके जागच्या जागी होते.

"अगंबाई!" नर्स वाकून म्हणाली.

"एक नाही, सगळे असेच येतात तिथले. डाग नाही, फाटलेलं नाही. कशी सांभाळत असतील मुलांना! माणूस काहीही सांगेल. कपडा खोटं बोलत नाही."

बेकरीवाल्याने टाक्याला नखाने हलकेच स्पर्श केला, पाव भाजला गेलाय का बघतात तसा. मग मान हलवली. "झालं तर मग. वहिनींचा शब्द."

नवऱ्याने हातातला अर्ज मशिनीवर ठेवला. "मी आपला ठेवून जातो," तो म्हणाला. "बघ तू."

*

गुरुवारी खालच्या शाळेच्या बाई आल्या. पिशवीची चेन बिघडली होती. बिघडली होती हे खरं, पण ती बरेच दिवस बिघडलेली असावी.

"भिंगरीचा अर्ज नाही आला अजून," बाई म्हणाल्या.

"विचार चालू आहे, बाई."

"करा. शुक्रवारपर्यंत आहे वेळ." त्यांनी पिशवी तिच्यापुढे सरकवली. "वीस अर्ज लागतात. कमी भरले तर पहिलीचा वर्ग देत नाहीत या वर्षी. आणि पहिली नाही म्हटल्यावर बाकीची शाळा तरी कशाला ठेवतील?"

"इतकी पोरं आहेत या भागात. भरतील की."

"सगळे असंच म्हणतात. भरतील की."

टेबलाखालून भिंगरी चिंध्यांची शेपटी लावून बाहेर आली. "बाई, तुमच्या शाळेच्या खिडकीतून काय दिसतं?"

"नाही सांगणार. येऊन बघ."

"घोडा दिसतो?"

"येऊन बघ म्हटलं ना."

"पण घोडा नाहीच दिसला तर मी आल्यावर परत जाऊ शकते का?"

बाई हसल्या. चेन दुरुस्त झाली होती. त्यांनी ती दोनदा उघडली, दोनदा लावली, आणि गेल्या. खिडकीतून त्यांच्या चपला दिसेनाशा होईपर्यंत भिंगरी ओरडत होती, "हत्ती? बोकड? काहीतरी सांगा ना!"

शुक्रवारी ती भिंगरीला घेऊन टेकडीवर गेली. रांगेत पुढे नर्स होती, मागे बेकरीवाला, त्याच्या मागे तिची आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं. बेकरीवाल्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली.

खालच्या शाळेचा अर्ज मशिनीवरच राहिला होता. कागद जाड होता, पाठ कोरी. पुढच्या आठवड्यात भिंगरीचा गणवेश बेतताना तिने त्यातून खिशाचा नमुना कापला.

*

उन्हाळा संपता-संपता खालच्या शाळेचं फाटक साखळीने बांधलं. मोठ्या वर्गांतल्या मुलांना तीन बस बदलून जावं लागेल अशा शाळांत वाटून टाकलं. वर्गांत मोडकी टेबलं आणून रचली. बाई कुठे गेल्या ते कुणी विचारलं नाही. दुकानात फाटक्या चड्ड्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा तिला वाटलं, चला, काम हलकं झालं.

टेकडीवरून दर महिन्याला चिठ्ठी यायची. प्रगती समाधानकारक. वर्तन शांत.

"शांत?" नवरा म्हणाला. "आपलीच चिठ्ठी आहे ना ही?"

"वळण लागतंय," ती म्हणाली.

नर्स एकदा जिन्यावरूनच म्हणाली, "आमचा घोडा परत अंथरूण ओलं करायला लागलाय. सहा वर्षांचा! हसावं का रडावं?" दोघी हसल्या.

चौथ्या महिन्यात एका दुपारी ती भिंगरीच्या पिनाफोरची उंची वाढवायला बसली. खालची घडी उसवली, कपडा फिरवला आणि हात थांबला.

खिशावर दोन कच्चे टाके.

भिंगरी समोर स्टुलावर बसली होती. शाळेतून येऊन तिला अर्धा तास झाला होता. पाय जुळवलेले, हातांची घडी.

"अगं, खिसा उघडलाच नाहीस तू अजून?"

भिंगरीने एक बोट वर केलं. आई काही बोलेना, तेव्हा बोट तसंच धरून राहिली.

"हे काय?"

"बोलू?"

"बोल ना. विचारतेस काय?"

"खिसा चालत नाही. खिशात हात गेला की उभं करतात. ज्यांचे टाके तसेच त्यांना शहाणं म्हणतात."

"आणि मधल्या सुट्टीत? खेळताना?"

भिंगरीने पुन्हा बोट वर केलं.

"बोल गं."

"मधल्या सुट्टीत डोकं बाकावर ठेवायचं."

तिने पिनाफोर मांडीवर ठेवला. मग उठली, फळीवरचे टेकडीवरच्या शाळेचे सगळे कपडे खाली काढले. नर्सच्या मुलाची पँट. जुळ्यांचे दोन पिनाफोर. एकेका खिशावरून अंगठा फिरवत गेली. सगळीकडे तिचाच दोरा, तिचाच हात. एका जुळीच्या पिनाफोरच्या पट्ट्याची कड चावून-चावून दोऱ्यादोऱ्याची झाली होती. ती इतके दिवस दिसली कशी नाही?

तिने छोटी कात्री घेतली, भिंगरीच्या खिशाचे दोन्ही टाके कापले, बटणांच्या डब्यातलं सगळ्यात मोठं लाल बटण आत टाकलं.

"असू दे," ती म्हणाली. "मी बघते कोण काय म्हणतं ते."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. समोरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की पटत नसेल तर दाखला न्यावा, यादीत चाळीस मुलं थांबली आहेत.

"काढू या तिला," नवरा घरी म्हणाला.

"आणि घालू कुठे?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर गुडघे चालले होते. खालच्या शाळेचं नाव त्याने घेतलं नाही. त्याने घेतलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी भिंगरी घरी आली. तिने पिनाफोर स्वतःच काढला, घडी घातली, मशिनीवर ठेवला. लाल बटण त्याच्यावर ठेवलं. मग बोट वर केलं.

"बोल."

"आई, परत शिवून दे ना. उद्या खिसे बघणारेत."

आईने बटण उचलून डब्यात टाकलं. भिंगरी वाट पाहत उभी होती, अजिबात न हलता. मग आईने सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदा गेला. खिशाच्या तोंडाला दोन टाके घातले आणि दातांनी दोरा तोडला.

प्रवेशाच्या त्या शुक्रवारी खालच्या शाळेत एकोणीस अर्ज आले होते.