बरणीले कोणाचं बोट लागलं

आवळ्याच्या बरणीवर पांढरी साय आली आणि नंदनवन कॉलनीतल्या त्या घरात गुन्हेगार आधी सापडला, तपास मागून सुरू झाला. गुन्हेगार म्हणजे सून. आणखी कोण असणार?

"गोपिका, खरं सांग वं. बाजूले बसाच्या दिवसांत बरणीले शिवली का नाही?" सासू वच्छलाबाईंनी झाकण हातात धरूनच विचारलं.

"आई, त्या दिवसांत मी अख्खा सैपाक केला. तुमी दोनदा वरण घेतलं. ते काहून नाही नासलं?"

"वरणाचं सोड. हे मिठाच्या पाण्यातले आवळे हायेत. आता दर महिन्याले बाल्कनीत चटईवर बसाचं. चार दिवस. ताट वेगळं."

नवरा वैभव मोबाइलात घुसला. सासरे भैयाजी, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, सोफ्यावरून गरजले, "नियम म्हणजे नियम हाय वं पोरी!"

गोपिका चटईवर बसणारी नव्हती. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या ऑलिव्हमधली यीस्ट ओळखण्यात तिनं एमएस्सी घासली होती. ऑलिव्ह म्हणजे पिझ्झ्यावरचं ते खारट काळं, जे लोक बोटानं बाजूला सारतात. आता ती एका लॅबमध्ये नोकरीला होती. साय म्हणजे यीस्टच, हे तिला बघताक्षणी कळलं. पण आपल्या घरांत तेवढ्यावर बाईची सुटका होत नाही. यीस्ट कोणाची, तेही तिनंच सिद्ध करायचं.

तिनं सायीचा थेंब लॅबमध्ये नेला, वाढवला, कोणती साखर खातो नि कोणती नाही ते पाहिलं, डीएनए तपासला. निघाली माणसाच्या हातावर, नखांखाली राहणारी यीस्ट.

रविवारी तिनं चहाबरोबर लॅबच्या काचेच्या बश्या मांडल्या. "सगळ्यांनी एकेक बोट टेकवा."

"कायले?"

"विटाळ शोधाले."

वच्छलाबाईंनी ठसा उमटवावा तसं बोट दाबलं. वैभवनं मान वर न करता टेकवलं. गोपिकानं आपलंही टेकवलं. भैयाजींनी मात्र हात बगलेत घातले. "मले बीपी हाय."

"बीपी बोटात असते का मामाजी?"

शेवटी टेकवलं. बश्या लॅबमध्ये गेल्या आणि पुढच्या रविवारी गोपिकानं निकाल सांगितला. बाकी कोणाच्याच बशीत ती यीस्ट उगवली नाही. भैयाजींची बशी नुसती बहरली. डीएनए जुळवला, तर बरणीतलीच.

डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलेलं. भैयाजी दुपारी टीव्हीसमोर पायाची बोटं खाजवत बसायचे आणि घरात सामसूम झाली की त्याच हातानं बरणीतला आवळा उचलायचे.

"एखादा खाल्ला असंल," ते पुटपुटले.

वच्छलाबाई उठल्या. आता बरणी फुटते, असं सगळ्यांना वाटलं. त्या चटई घेऊन आल्या.

"चला, बसा बाल्कनीत."

"अवं वच्छला, मी मरद मानूस आहो!"

"बरणीले का मालूम?"

"वैभव, सांग ना गा तुह्या मायले!"

वैभव मोबाइलात.

गोपिकाला हसू आवरेना. "आई, जाऊ द्या. साय काढली की आवळे चांगलेच हायेत. हे चटईच फेकून देऊ."

"फेकू ना. आधी ह्यायले चार दिवस बसू दे," चटई झटकत वच्छलाबाई म्हणाल्या. "मी जन्मभर बसली. तवा माहं बोट तर कोणी तपासलं बी नाही."